प्रार्थना सुचत नाही, तेव्हा आशा कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४३. पुण्यात वडगाव शेरीला राहते. चौदा महिन्यांपूर्वी मिस्टर कॅन्सरने गेले. चर्चच्या मंडळीने त्यांच्यासाठी साखळी उपवास-प्रार्थना केली होती, 'बरे होणारच' असं सगळे छातीठोक सांगत होते. आता रविवारी चर्चला जाते, शेवटच्या बाकावर बसते, गीत सुरू झालं की ओठ हलत नाहीत. घरी प्रार्थनेला बसले तर शब्दांऐवजी राग येतो. एका बाईंनी सांगितलं, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. मुलगी दहावीला आहे. मिस्टरांची स्कूटर अजून पार्किंगमध्ये झाकून ठेवली आहे. विकवत नाही, चालवतही नाही. ख्रिस्ती विश्वासात आशा आहे, असं लहानपणापासून ऐकत आले. ती मिळते कशी?"

ताई, सलाम.

तुम्हाला राग येतो हे वाचून मला धीर आला. पुण्यातल्या दवाखान्यांमध्ये पाळक (पास्टर) म्हणून मी सव्वीस वर्षं फिरलो. कॅन्सरचा वॉर्ड, डायलिसिसच्या खोल्या, आयसीयूबाहेरच्या त्या लोखंडी खुर्च्या. ज्याची आशा खरोखर संपलेली असते तो माणूस भांडत नाही. तो नीट बोलतो, "बसा, चहा सांगू का" म्हणतो, "देवाची इच्छा" म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. अशा माणसाच्या खाटेपासून उठताना माझे पाय जड व्हायचे. देवावर चिडणाऱ्याने मात्र तो ऐकतोय एवढं तरी कुठेतरी धरलेलं असतं.

आधी त्या बाईंच्या वाक्याचा निकाल लावू, कारण ते काट्यासारखं आत राहिलं तर पुढचं काही उपयोगाचं नाही. विश्वास कमी पडला म्हणून माणूस दगावला, हे पवित्र शास्त्रात बसत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने 'हा प्याला माझ्यापासून टळो' असं मागितलं. प्याला टळला नाही. आता त्या बाईंना विचारा, तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता? (विचारू नका. त्या घाबरल्या आहेत. स्वतःच्या घरावर अशी वेळ येऊ नये, म्हणून लोक तुमच्या दुःखाला कारण शोधून देतात. कारण सापडलं की त्यांना रात्री झोप लागते.)

आजाऱ्यांसाठी मीही प्रार्थना करतो, तेल लावून, डोक्यावर हात ठेवून. काही बरे झालेले पाहिले आहेत. पण 'बरे होणारच' हे मी कधी बोललो नाही, आणि जे बोलतात त्यांनी दफनविधीनंतरच्या सहाव्या महिन्यात त्या घरी जाऊन यावं असं मला वाटतं. तेव्हा कुणी जात नाही. आणि औषध बंद करा, विश्वास ठेवा, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्यासाठी नाही, पुढच्या कुणासाठी तरी हे लक्षात असू द्या.

आता प्रार्थनेचं. शब्द येत नाहीत म्हणता, पण राग येतो. मग रागाचीच प्रार्थना करा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा रडगाणी आहेत. हा शब्द मी आदराने वापरतोय. तेरावं स्तोत्र काढा. सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा सवाल चार वेळा येतो. तू मला विसरणार कोठवर, तोंड लपवणार कोठवर. अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून पुढचं: ते अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही, काही नाही. हे स्तोत्र ज्यांनी संग्रहातून गाळलं नाही त्यांचे मी मनोमन आभार मानतो. रविवारी आपण ही स्तोत्रं वाचत नाही, हा आपला दोष. आपल्या उपासनेत स्तुतीला अर्धा तास आणि विलापाला जागाच नाही. त्यामुळे तुमच्यासारखी बाई शेवटच्या बाकावर बसते आणि तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

खरं तर मराठी माणसाला हे शिकवावं लागू नये. तुकोबा विठ्ठलाशी कसे भांडले आहेत! देवाला निष्ठुर म्हणायचं, आणि पाय सोडायचे नाहीत. कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती झाले. आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो ते तुकारामाच्या सेतूवरून, असं ते म्हणत. त्यांची भजनं आपण आजही गातो. पण त्या सेतूवरून चालत येताना भांडण्याची ती रीत मात्र बरेच जण मागे ठेवून आले, आणि त्याऐवजी 'ऑल इज वेल'चं हसू चेहऱ्यावर चढवलं. तेव्हा रोज रात्री, मुलगी झोपल्यावर, तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. मनात नको, आवाज निघाला पाहिजे. मग त्याच चालीवर तुमचे स्वतःचे 'कोठवर' म्हणा. दहावीची फी, सासरच्यांचे टोमणे, रिकामी उशी, काहीही. दोन मिनिटांत आटपलं तरी चालेल. शेवटी 'आमेन' म्हणवत नसेल तर म्हणू नका.

यावरून आशा मिळते का? लगेच नाही. पण संभाषण चालू राहतं. आणि बायबलमधली आशा म्हणजे 'आता छान वाटतंय' असली भावना नव्हेच, हे समजायला मला स्वतःला चाळीशी ओलांडावी लागली.

तुमच्या व्हॉट्सॲपवर यिर्मया संदेष्ट्याचं ते वचन नक्की आलं असेल: एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन. तुमच्यासाठी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत, अशा अर्थाचं. मागे सूर्योदय, खाली गुलाब. फॉरवर्ड करणारे दहावं वचन कधी पाठवत नाहीत. दहाव्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात गेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र आहे आणि त्यात तो स्वच्छ सांगतो: लवकर परत याल असं जे सांगतात ते खोटं सांगतात. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं आहे त्याचं भलं चिंतत राहा. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे त्या परक्या मुलखातच मिटणार होते. आशा त्यांनाच दिली होती, पण तिची मुदत त्यांच्या आयुष्यापेक्षा लांब होती.

त्याच पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय माझा फार लाडका. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्याकडच्या तलाठी कचेरीतला प्रसंग आहे. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा. आत भूक. यिर्मया स्वतः राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं शेत विकत घे, हक्क तुझा आहे. अनाथोथ म्हणजे गावाबाहेर, जिथे शत्रूचा तळ. अशा जमिनीचा भाव काय असेल तुम्हीच सांगा! यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. खरेदीखत होतं, सह्या होतात, साक्षीदार उभे राहतात. एक मोहोरबंद प्रत, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकतील असं बघ. आणि एवढं सगळं झाल्यावर मग तो प्रार्थनेला बसतो आणि देवाला म्हणतो: शहर तर चाललं शत्रूच्या हाती, आणि तू मला सांगतोस शेत घे?

हा क्रम बघा. आधी व्यवहार, मग शंका. मन शांत झालं म्हणून त्याने शेत घेतलं नाही. घेतल्यावरही मन शांत झालं नाही. आणि त्या शेतात त्याने पुढे नांगर धरल्याची नोंद नाही. त्याला लोकांनी मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं. कागद मात्र मडक्यात राहिला.

याला मी माझ्यापुरतं 'अनाथोथचा कागद' म्हणतो. आमच्या एका खडकीच्या काकांची गोष्ट सांगतो. कारखान्यातून निवृत्त झालेले, शेवटच्या टप्प्यातले, नोव्हेंबर चालू होता. मी प्रार्थनेला गेलो तर ते नातवाच्या शाळेच्या रिक्षावाल्याला खाटेजवळ बसवून पैसे मोजत होते. एप्रिलपर्यंतचे. मी म्हटलं, काका, दर महिन्याला देतील की घरचे. म्हणाले, "देतील हो. पण मी दिलेले असले की रिक्षा एप्रिलपर्यंत माझी." डिसेंबरात गेले. पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यांतून उठण्यावर, मी बरीच प्रवचनं केली असतील. त्या चारचौघांत मोजलेल्या नोटांएवढं नेमकं मला एकदाही जमलेलं नाही.

आपल्या पुण्याच्या मातीत याचं मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. पोरवयात, दुष्काळाच्या दिवसांत, वडील, आई आणि मोठी बहीण पाठोपाठ गेली. मग १८८० मध्ये भाऊ. १८८२ मध्ये नवरा, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की आपल्याला ख्रिस्तधर्म सापडला होता, ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी सापडला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण चौदा महिन्यांत काही उमगलं नाही म्हणून तुम्ही स्वतःला नापास करून टाकलं आहे. विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. मग सोलापूर रस्त्याच्या बाजूला केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. सदनाचा खर्च बागेतून निघावा, एवढाच हिशेब. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या, आणि त्यांना ठेवायला ती जमीन तयार होती. त्यांचं मुक्ती मिशन तिथे आजही आहे. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्याआधी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं करून गेल्या. रमाबाईंना सोसण्याची काही दैवी ताकद होती, असं समजून त्यांना फोटोत बसवू नका. मला त्यांच्या चरित्रात दिसतात त्या विहिरी, झाडं आणि तपासलेली पानं.

माझंही सांगतो, नाहीतर वाटेल हा म्हातारा पुस्तकातून बोलतोय. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ कोविडने गेला. त्या महिन्यात मी पीपीई किट घालून इतके दफनविधी केले की भावाच्या वेळी पुस्तक न उघडता तोंडपाठ म्हणत होतो, आणि एकही शब्द मला ऐकू येत नव्हता. पुढचे चार-पाच महिने मी प्रार्थना केली ती फक्त पगार मिळतो म्हणून. एका आजींना ते कळलं. कसं कळलं, देव जाणे. चर्चच्या व्हरांड्यात मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमची प्रार्थना सध्या मी करते. तुम्ही नुसते बसा." मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उकलून खाली सोडतात. तिथे 'त्यांचा विश्वास पाहून' असं आहे. मी इतकी वर्षं ते वाचत होतो आणि 'त्यांचा' हा शब्द माझ्या नजरेतून निसटत होता. बाजेवरच्या माणसाने काय म्हटलं ते लिहिलेलंच नाही.

तेव्हा मंडळीतली एक बाई शोधा, जी कमी बोलते. तिला एवढंच सांगा की सध्या मला जमत नाही, तुम्ही माझ्या वाटचं करा. अशी बाई प्रत्येक मंडळीत असते. बहुतेक वेळा भांडी घासताना किंवा चपला लावताना सापडते. शेवटचं बाक सोडायची गरज नाही. पंचहौदच्या चर्चला जा, सेंट क्रिस्पिन्सला जा, कुठेही जा, शेवटच्या बाकावर तुमच्यासारखं कुणीतरी बसलेलं दिसेल. गीताला ओठ हलले नाहीत तर बाकीचे गातात, तुमच्या वाटचंही. मंडळी या शब्दाचा मला तरी दुसरा काही अर्थ लागत नाही.

शरीराचं एक विचारायचं राहिलं. झोप लागते का? जेवता का, की मुलीला वाढून उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकता? एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली 'आता मला मरू दे' म्हणून आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं. तो जेवला, परत झोपला, पुन्हा उठवून जेवायला घातलं. देव बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर, तेही हळू आवाजात. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा आणि लाजू नका. टेली मानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, १४४१६ हा नंबर, रात्रीअपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नैराश्याची गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही. मी स्वतः सात महिने घेतली आहे.

आणि पुनरुत्थान? त्याशिवाय ख्रिस्ती आशा म्हणजे नुसती समजूत, हे खरं आहे. पौल तसं रोखठोक म्हणतो: ख्रिस्त उठला नसेल तर आम्ही सगळ्यांहून लाचार. मी ते मानतो, आणि तुमच्या मिस्टरांच्या बाबतीतही मानतो. पण त्या पहाटेला ख्रिस्ताच्या कबरेकडे निघालेल्या बायकांकडे जरा बघा. मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया, शलोमे. त्या आशेने निघाल्या नव्हत्या. शब्बाथामुळे, म्हणजे विसाव्याच्या दिवसामुळे, राहिलेलं काम उरकायला निघाल्या होत्या, हातात सुगंधी द्रव्यं घेऊन, मेलेल्या देहाला लावायला. वाटेत चर्चा काय, तर दारावरचा धोंडा कोण लोटून देईल. कुणाच्याही मनात 'तो उठला असेल' असं नव्हतं. आणि अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या त्या दोघा शिष्यांचं वाक्य तर भूतकाळातलं आहे: आम्हाला आशा होती. होती. शेजारून उठलेला ख्रिस्त चालत होता आणि हे त्यालाच सांगत होते.

आपल्याकडे काही मंडळ्या ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना करतात. यंदा जमलं तर जा, नाही जमलं तर पुढच्या वर्षी. फुलं नेली पाहिजेत असं नाही. दगडावरची धूळ पुसायला एक फडकं मात्र न्या.

आता स्कूटर. विकू नका, एवढ्यात तरी. पण झाकूनही ठेवू नका. गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला आरटीओचा एकतीस नंबरचा फॉर्म असतो. मृत्यूचा दाखला, आरसी आणि विम्याचे कागद लागतील, विमा संपला असेल तर आधी तो. मुदत उलटली आहे, त्यामुळे थोडा दंड बसेल आणि एखादी चक्कर जास्त होईल. एजंटला जास्त पैसे देऊ नका. सह्या करताना मुलीला बरोबर न्या. तीन वर्षांनी तिचं लायसन्स निघेल, तेव्हा गाडी तिला लागेल. आणि बॅटरी चौदा महिन्यांत नक्की उतरली असणार. ढकलत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.